रोगी आणि रोग

गेल्या ज्येष्ठात माझे एक बालमित्र दोन दिवस आमच्याकडे राहावयास आले होते. तालुक्याच्या गावी गेली तीस वर्षे त्यांचा दवाखाना आहे. गावातील व आसपासच्या वाड्यांतील निम्म्याहून अधिक माणसे त्यांच्या हातून औषध घेऊन लहानाची मोठी झाली. त्यांची एकुलती एक कन्या नुकतीच वैद्यकाची वरची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली. आता ती परत येईल, दवाखान्यातील दुसऱ्या खुर्चीवर बसेल आणि आपण हळूहळू मागे सरू, असे मनोराज्य मित्रांनी पुष्कळ वर्षे केले होते. परंतु मुलीने निराळेच ठरविले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत जावयाचे, आणि रोगी तपासण्याचा धंदा कायमचा सोडावयाचा, असे तिने वडिलांना स्पष्ट सांगितले.

“पैशाचे सोड,” रात्रीच्या जेवणानंतर मित्र मला म्हणाले. “मला काही तिच्या पैशावर जगायचे नाही. पण ती मला काय म्हणाली ठाऊक आहे? ‘बाबा, हा जंतू फार हुशार आहे. त्याच्याविषयी जितके वाचावे तितकी गोडी वाढते.’ अरे, त्याच जंतूने खंगलेली माणसे माझ्या बाकावर येऊन बसतात. त्यांना पाहून मला रात्र रात्र झोप लागत नाही, आणि हिला त्यात गोडी वाटते! तू नीतिशास्त्र शिकवतोस, तुझे ती ऐकते. तिला एवढेच विचार, की समोरच्या बाकावरचा रोगी सोडून अजून जन्मासही न आलेल्या रोग्याच्या मागे जाणे कोणत्या नीतीत बसते?”

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. विद्यार्थ्यांना पुस्तकातील प्रश्न समजावून सांगणे निराळे आणि असा प्रश्न आपल्याच माजघरात येऊन बसणे निराळे. पुढे काही आठवडे मी त्यावर जो विचार केला तो येथे मांडीत आहे. असा प्रसंग आज अनेक सुशिक्षित कुटुंबांत येतो, आणि बहुधा त्याचा निकाल रागाने किंवा रडण्याने लागतो.

जे आक्षेप गौण आहेत ते प्रथम बाजूस सारू. संशोधनात प्राप्ती कमी, उमेदवारीची वर्षे फार, लग्नकार्यास अडचण, ही सर्व अडचणींची यादी आहे. तिच्यात नीतीचा प्रश्न नाही. शिवाय आईबापांची अशी निराशा काही आजची नव्हे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकविणारे दिनकर समर्थ यांच्या मनात आपल्या मुलीने वैद्यकाकडे जावे असे होते. मुलीने वनस्पतिशास्त्र घेतले, विवाहानंतर मुंबईस जाऊन १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे कमल रणदिवे या नावाने कर्करोगाच्या संशोधनात मोठी कामगिरी केली. शरीरातील पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढविण्याची आपल्या देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली, आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु हे उदाहरण माझ्या मित्रांना पुरे पडणारे नव्हते, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. कमलाबाईंनी रोगी सोडला असे कोणी म्हणणार नाही, कारण तो त्यांनी हाती घेतलाच नव्हता. माझ्या मित्रांच्या मुलीने तर रोग्याची नाडी धरावयास शिकून मग ती सोडण्याचे ठरविले होते. तेव्हा प्रश्न उरतो तो दोन अंगांनी. जवळच्या दुःखाचा आपल्यावरील हक्क दूरच्या दुःखाहून मोठा आहे काय? आणि ज्याने दुसरा तळमळतो आहे, त्या रोगाविषयी गोडी वाटणे हे माणुसकीला शोभते काय?

पहिल्या प्रश्नाला पुष्कळजण गणिताने उत्तर देतात. दवाखान्यात वैद्य जन्मभरात काही हजार माणसे बरी करील. संशोधकास एक औषध सापडले तर लाखो वाचतील. सबब लाख हे हजारांहून मोठे. हे गणित मला कधीच मानवले नाही. एक तर त्यातील ‘सापडले तर’ हे दोन शब्द कोणी हिशेबात धरीत नाही. दुसरे असे, की लाखांच्या नावाने एकाकडे पाठ फिरविण्याची सवय एकदा लागली, की लाखांतील प्रत्येकजण हाही कोणाच्या तरी समोरचा एकच असतो, हे विसरले जाते. माझ्या मित्रांचा आक्षेप या गणिताने खोडून निघत नाही. उलट या गणितामुळे तो अधिकच खरा वाटू लागतो.

मला उत्तर सापडले ते गणितात नव्हे, घरच्याच एका जुन्या आठवणीत.

१९७६ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीची ही गोष्ट. आम्ही तेव्हा कोकणात राहत होतो. पाऊस येण्यापूर्वी जळाऊ लाकडे पडवीत आणून रचण्याचे काम चालले होते. माझा थोरला भाऊ अकरा वर्षांचा होता, मी सात. ढिगातील एक ओंडका उचलताना त्याच्या बोटाला विंचू चावला. तांबड्या रंगाचा, बोटाएवढा. प्रथम तो नुसता ओरडला. घटकाभराने त्याला दरदरून घाम सुटला, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले. तीन मैलांवरून डॉक्टरांना आणले. ते रात्रभर त्याच्या उशाशी बसून होते. बॅगेत होती ती इंजेक्शने त्यांनी दिली, अंग पुसले, आईला धीर दिला. पहाटेच्या सुमारास भावाला श्वास घेणे जड जाऊ लागले, तोंडाला तांबूस फेस आला, आणि उजाडण्यापूर्वी सर्व संपले. सकाळी वडील पैसे देऊ लागले तेव्हा डॉक्टरांनी ते घेतले नाहीत. ओट्यावर मान खाली घालून ते कितीतरी वेळ बसून राहिले होते, एवढे मला स्वच्छ आठवते.

त्या डॉक्टरांत उणे काय होते? दया होती, कष्ट होते, निर्लोभता होती. समोरच्या रोग्याला देता येईल तेवढे सर्व त्यांनी दिले. उणे होते ते त्यांच्या बॅगेत. आणि त्या काळी ते कोणाच्याच बॅगेत नव्हते.

त्याच सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर रुजू झाले होते. तो मुलूख तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातला. त्यांच्याकडेही विंचू चावलेली मुले येत, आणि त्यांच्याही डोळ्यांदेखत जात. त्यांनी त्या मुलांच्या उशाशी बसून आणखी एक काम केले. घाम केव्हा आला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले, केव्हा ऊब परत आली, याची ते टिपणे ठेवू लागले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य भार पडतो, आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरून रोगी दगावतो, असा हा प्रकार. म्हणजे माझ्या भावाच्या तोंडाला आलेला फेस हा त्याच्या थकलेल्या हृदयाचा निरोप होता. मग आकुंचित झालेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारे, रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन हे औषध बावस्करांनी अशा रोग्यांना देऊन पाहिले, आणि १९८६ साली तोही अनुभव त्याच साप्ताहिकात मांडला. पूर्वी ज्या अवस्थेत शंभरांतील चाळीसांच्या आसपास रोगी दगावत, तेथे पुढे शंभरांत एखादाच दगावू लागला. हे औषध म्हणजे पोटात घ्यावयाची एक साधी गोळी आहे.

या दोन रात्री मी जेव्हा शेजारी शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा मित्रांच्या प्रश्नाची मांडणीच मला चुकीची वाटू लागते. संशोधक समोरचा रोगी सोडून दूरच्या रोग्याकडे जातो, असे ते म्हणतात. परंतु समोरच्याच रोग्याला जे हवे ते जर दवाखान्यात नसेल, तर ते आणावयास कोणीतरी दवाखान्याबाहेर गेलेच पाहिजे. घरात विस्तव नाही म्हणून शेजारी विस्तव आणावयास गेलेल्या मुलीवर, ती घर सोडून गेली असा आरोप कोणी करीत नाही. माझ्या भावाच्या उशाशी बसलेले डॉक्टर आणि टिपणे ठेवणारे डॉक्टर हे नीतीच्या दृष्टीने वरिष्ठ-कनिष्ठ नाहीत. परंतु दुसऱ्याने टिपणे ठेवली नसती, तर पहिल्याच्या दयेला पुढील पिढीतही ओट्यावर मान खाली घालूनच बसावे लागले असते.

येथे कोणी म्हणेल, की बावस्करांनी रोगी कोठे सोडला? ते तर महाडलाच राहून दोन्ही कामे करीत होते. हे खरे आहे, आणि ज्याला दोन्ही साधतील त्याने दोन्ही करावीत यापरते भाग्य नाही. परंतु प्रत्येक रोग उशाशी बसून उकलत नाही. विंचवाच्या विषाचा खेळ एका रात्रीत संपतो आणि नाडीवर उमटतो. क्षयाचा जंतू औषधाला कसा निर्ढावतो हे नाडीवर उमटत नाही. ते पाहावयास काच लागते, यंत्रे लागतात, आणि दिवसाचे सर्व तास लागतात. अशा रोगासाठी कोणी दवाखान्याची खुर्ची सोडली, तर तिने दयेचे काम सोडले असे नव्हे. त्याच कामाचा एक अवघड वाटा उचलला.

आता दुसरा प्रश्न, गोडीचा. तो मला अधिक कठीण वाटतो. दुसऱ्याच्या वेदनेत मन रमणे हे स्वभावतःच काहीसे अमंगल आहे, असे आपल्याला वाटते. परंतु येथे गोडी कशाची, हे नीट पाहिले पाहिजे. लंडनहून विकृतिशास्त्राची उच्च पदवी घेऊन आलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपले आयुष्य मुंबईत कर्करोग आणि महारोग यांच्या अभ्यासात घालविले. कमलाबाईंनी डॉक्टरेटचे काम केले तेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९४५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत काही भारतीय चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक धोतराचा. कमरेला धोतर घट्ट कसण्याची सवय, वर्षानुवर्षे एकाच जागी काचणारी ती गाठ, आणि नेमक्या त्याच जागी उठणारा त्वचेचा कर्करोग, हा संबंध त्यांनी दाखवून दिला. धोतर नेसणारी कोट्यवधी माणसे आपल्या आजूबाजूस होती. त्यांतील काहींना असे व्रण होत असतील आणि त्यांच्याविषयी हळहळणारेही असतील. परंतु ‘येथेच का?’ असे विचारण्याइतके ज्याचे मन त्या व्रणावर रेंगाळले, त्यालाच तो संबंध दिसला.

दुःख पाहून हळहळणारे मन त्याच जागी पुन्हा पुन्हा येते. कुतूहल असलेले मन तेथून एक पाऊल पुढे टाकते. आईच्या डोळ्यांतील पाणी खरे असते, पण त्या पाण्यातून समोरचे नीट दिसत नाही. रोगाचा अभ्यास करावयाचा तर कोणाच्या तरी डोळ्यांतील पाणी तेवढ्या वेळापुरते तरी ओसरले पाहिजे. माझ्या मित्रांच्या मुलीला जी गोडी वाटते ती रोग्याच्या खंगण्यात नाही, शत्रूच्या डावपेचांत आहे. बुद्धिबळात प्रतिपक्षाची चाल पाहून जो चकित होत नाही, त्याला ती उलटविताही येत नाही.

तथापि या गोडीत धोका नाही, असे मी म्हणत नाही. काचेखाली जंतू पाहता पाहता तो कोणाच्या छातीतून आला याचा विसर पडू शकतो. माणसाचे नाव जाऊन त्याच्या जागी क्रमांक येतो, आणि क्रमांकाला वेदना होत नाहीत. या बाबतीत मुंबईच्याच इतिहासातील एका माणसाची कथा मननीय आहे. ओडेसा शहरात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन हे वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. १८९६ साली मुंबईस प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका तोकड्या जागेत त्यांनी प्लेगाची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचे पहिले इंजेक्शन त्यांनी स्वतःस टोचून घेतले. जे दुसऱ्याच्या शरीरात घालावयाचे ते आधी आपल्या शरीरात, हा त्यांचा नियम. पटकीच्या लशीच्या वेळीही, १८९२ साली, त्यांनी असेच केले होते. भायखळ्याच्या तुरुंगात लशीची पारख झाली ती त्यानंतर. परळ येथील ज्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले, तिची ही सुरुवात होय.

परंतु कथा येथे संपत नाही. १९०२ सालच्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल या गावी ही लस १०७ जणांना टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. पुढे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट चौकशीत पुढे आली होती.

या कथेतील तो खाली पडलेला चिमटा मी विसरू शकत नाही. प्रयोगशाळा रोग्यापासून दूर असते असे आपण समजतो. पण तिच्या आणि रोग्याच्या मधले अंतर एका चिमट्याएवढेच आहे. आपल्या भाषेत ‘काळजी’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मन पोखरते तीही काळजी, आणि हात चुकू देत नाही तीही काळजीच. माझ्या मित्रांना रात्री झोप लागत नाही ती पहिली. संशोधकाने दिवसभर पाळावयाची ती दुसरी. संशोधकाच्या ठायी पहिली दिसत नाही म्हणून त्याच्यात माणुसकी नाही असे म्हणू नये. त्याची सर्व माणुसकी दुसरीत उतरली आहे की नाही, एवढेच पाहावे. जो नोंद करताना आळस करतो, किंवा आवडत्या तर्काला न जुळणारा आकडा हळूच वगळतो, तो कितीही कनवाळू असला तरी निर्दय आहे. कारण त्या आकड्याच्या मागे कोणी तरी माणूस उभा असतो.

अखेरचा एक आक्षेप माझाच होता, आणि तो मी मुलीलाही बोलून दाखविला. आयुष्य खर्चून काहीच सापडले नाही तर? नॉर्वेतील हान्सेन यांनी महारोगाचा जंतू १८७३ साली पाहिला. त्याला दीड शतक उलटून गेले. आज त्या रोगावर खात्रीची औषधे आहेत, परंतु तो जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम अन्नावर अजूनही कोणाला वाढविता आलेला नाही. मग त्या प्रयत्नात ज्यांची उमर गेली त्यांचे जीवन व्यर्थ काय?

मुलगी म्हणाली, “काका, मला सापडावे असे फार वाटते, नाही वाटत असे सांगितले तर ते खोटे होईल. पण नाही सापडले, तर ‘नाही सापडले’ हेच मी नीट लिहून ठेवीन. पुढच्याला त्याच खड्ड्यात पडावे लागणार नाही.”

निष्काम कर्मावर मी वर्गात पुष्कळ वर्षे व्याख्याने दिली आहेत. संशोधकाला फलाची इच्छा नसावी असे म्हणणे ढोंगाचे होईल. इच्छेवाचून कोणी वीस वर्षे एका जंतूमागे लागत नाही. फक्त त्या इच्छेने नोंदवहीला हात लावू नये. निष्काम कर्माचा इतका व्यवहार्य अर्थ मला माझ्या पुस्तकांतून मिळाला नव्हता.

मित्रांना मी हे सर्व पत्राने कळविले. त्यांचे उत्तर चार ओळींचे आले. “तुझे म्हणणे समजले. पण माझ्या तालुक्यात एक डॉक्टर कमी झाला तो झालाच. त्याचे काय?” याला माझ्याजवळ उत्तर नाही. कोणत्याही खऱ्या निवडीत काहीतरी खरोखरीच गमवावे लागते, आणि ते गमावलेच नाही असे भासविणारा युक्तिवाद मी त्यांच्यापुढे करू इच्छीत नाही. मुलगी श्रावणात मुंबईस गेली. जाण्यापूर्वी मी तिला एकच गोष्ट सांगितली: महिन्यातून एकदा घरी आलीस की बाबांच्या दवाखान्यात बाकावर जाऊन बस, खुर्चीवर नव्हे, बाकावर.

माझी आई आता नव्वदीच्या घरात आहे. काही वर्षांपूर्वी महाडच्या त्या संशोधनाविषयी मी तिला प्रथम सांगितले. एका साध्या गोळीने आता विंचवाची मुले वाचतात हे ऐकून ती आपल्या मुलासाठी रडेल, अशी मला भीती होती. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “त्या रात्री त्या डॉक्टरांच्या हातात ती गोळी असती, तर बिचाऱ्यांना किती बरे वाटले असते!”

तिचे हे वाक्य मी मित्रांना अजून कळविलेले नाही. पुढच्या पत्रात कळवीन.